फुटल्यास पळण्याची दिशा

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या विद्यापीठाच्या कुलगुरू, माननीय डॉ. सुनेत्राताई राजाध्यक्ष, कफ परेड ते परळ एवढा प्रवास करूनही आमच्याआधी पोचलेले प्रमुख पाहुणे, औद्योगिक सुरक्षेचे तज्ज्ञ श्री. हितेंद्र तांडेल, ज्यांच्यासाठी ही सगळी मंडळी गोळा झाली ते सत्कारमूर्ती, आपले सुरक्षा पर्यवेक्षक श्री. गुणाजी तावडे, पहिल्या रांगेत अगदी कडेच्या खुर्चीवर संकोचून बसलेल्या शेवंतीवहिनी, पंख्याखाली जागा मिळालेले प्राध्यापक, जागा न मिळालेले कर्मचारी बंधुभगिनी, आणि बटाटेवड्यांचा वास आल्यामुळे मागच्या दारातून हळूच आत शिरलेले विद्यार्थी मित्रहो,

मी रमाकांत बेहेरे, आपला उपकुलसचिव. सूत्रसंचालन करणाऱ्या वैदेहीताईंनी मला सात मिनिटं दिली आहेत. आता सात मिनिटांत आमच्या कार्यालयात फायलीची नाडीसुद्धा सुटत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. त्या स्वतः रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहेत, थेंब मोजून काम करणाऱ्या. तेव्हा त्यांनी चिठ्ठ्या पाठवाव्यात, मी त्या नम्रपणे खिशात ठेवीन.

निरोपाच्या भाषणात सत्कारमूर्तींचे गुण सांगायचे असतात. मीही सांगणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर मधेच माझा धीर सुटेल. समोर टेबलावर तबक आहे. त्यात शाल आहे, श्रीफळ आहे आणि एक प्रमाणपत्र आहे. आपल्याकडे निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाला ते देतात. त्यावर छापील ओळ असते: 'यांनी विद्यापीठाची निष्कलंक सेवा केली.' तावडेंच्या प्रमाणपत्रावर ही ओळ काळ्या शाईने खोडली आहे. कारण त्यांच्या सेवापुस्तकात एक ताकीद नोंदवलेली आहे. ती का नोंदवली गेली, हे या सभागृहात फार थोड्यांना माहीत आहे. आज मी तेच सांगणार आहे.

गुणाजी तावडे आपल्याकडे चौतीस वर्षं आहेत. वडील गिरणीत, घर वरळीच्या बीडीडी चाळीत, गाव कणकवलीजवळ. रोज चालत येणार, चालत जाणार. सकाळी गेट उघडलं की हा गृहस्थ पहिल्यांदा काय करतो, कुणी पाहिलंय? नाक वर करून हवा हुंगतो. मी गिरगावातला माणूस. आमच्याकडे शेजारी काय शिजतंय ते बघायला नाक वर करतात. मला वाटायचं, यांचंही लक्ष कँटीनकडे असावं. पंचवीस वर्षं मी याच समजुतीत होतो, आणि कधीकधी विचारायचोसुद्धा, "काय तावडे, आज उसळ का?" ते नुसते हसायचे.

गेल्या वर्षी वरून एक आदेश आला. सर्व विद्यापीठांनी आपापल्या परिसराची सुरक्षा आणि घातक पदार्थांपासून उद्भवणाऱ्या आपत्तीची सज्जता, यांचं मूल्यमापन करून घ्यावं. सोबत शहाण्णव प्रश्नांचा फॉर्म. आपण लगेच काय केलं? समिती नेमली. समितीने काय केलं? मला सदस्य सचिव नेमलं. आणि सदस्य सचिवाने काय केलं? चहा मागवला आणि एका बैठकीत, एका खुर्चीत, शहाण्णवच्या शहाण्णव प्रश्नांची उत्तरं लिहून टाकली.

विद्यार्थी मित्रांना इथे थोडं समजावून सांगायला हवं. कार्यालयात आमचा एक लाडका शब्द आहे, निरंक. निरंक म्हणजे काही नाही, शून्य. आम्ही दरमहा कितीतरी विवरणपत्रं वर पाठवतो आणि त्यांत निरंक लिहितो. मागे एका विवरणपत्रात 'वन्य प्राण्यांच्या हल्ल्यात जखमी झालेले कर्मचारी' असा रकाना आला होता. परळमध्ये! तिथेही मी गंभीरपणे निरंक लिहिलं. या शब्दाचा गुण असा, की आकडा लिहिला तर वरून खुलासा मागतात, निरंक लिहिलं तर कुणी काही विचारत नाही. तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाचा हात तो शब्द आपोआप लिहितो, डोक्याला कळायच्या आत.

तर त्या फॉर्ममध्ये प्रश्न क्रमांक एकेचाळीस होता: 'परिसरात साठवलेली घातक रसायने, त्यांचे प्रमाण व ठिकाण.' मी लिहिलं, निरंक. ज्या विद्यापीठात साठ वर्षं रसायनशास्त्र शिकवतात, तिथे! हसू नका. म्हणजे हसा, पण मग वैदेहीताईंकडे बघून हसू नका, त्यांना अजून राग आहे. फॉर्मच्या शेवटी छापलेलं होतं, 'वरील माहिती समक्ष पाहणी करून भरली आहे.' त्याखाली मी सही केली. माझ्या खुर्चीतून समक्ष फक्त कँटीन दिसतं.

मग मूल्यमापनासाठी आजचे प्रमुख पाहुणे तांडेलसाहेब आले. तोवर आम्ही सगळी तयारी केली होती. आगीच्या बादल्यांना लाल रंग दिला. बादल्यांतली विड्यांची थोटकं काढली. आपत्तीच्या वेळी सगळ्यांनी कुठे जमायचं, त्या जागेची पाटीही लावली. जागा मीच निवडली होती, कँटीनमागचा खोलगट चौक. का निवडली? सावली होती. आणि एक सराव आपत्ती जाहीर केली. त्या परिपत्रकाचा मसुदा माझा, त्याचं श्रेय मी दुसऱ्या कुणाला देणार नाही. मी लिहिलं होतं: 'गुरुवारी दुपारी ठीक तीन वाजता अचानक धोका उद्भवेल. सर्वांनी दहा मिनिटे आधी उपस्थित राहावे. चहापानाची व्यवस्था केली आहे.'

लोक पावणेतीनलाच आले. सावलीतल्या जागा पकडायच्या होत्या ना! तीनला भोंगा वाजला तेव्हा सगळं विद्यापीठ चौकात उभं राहून चहा पीत होतं आणि विज्ञान इमारतीत चिटपाखरू नसावं, अशी माझी खात्री होती. तांडेलसाहेब हातात घड्याळ घेऊन उभे होते. 'इमारत रिकामी होण्यास लागलेला वेळ' या रकान्यात त्यांनी शांतपणे लिहिलं, उणे पंधरा मिनिटे. मला वाटलं, उत्तम शेरा मिळाला. मी त्यांना बिस्किटंही आणून दिली.

भोंगा झाल्यावर इमारतीतून एक माणूस धापा टाकत बाहेर आला. गुणाजी तावडे. त्यांनी चारही मजले, प्रत्येक खोली, प्रत्येक स्वच्छतागृह तपासलं होतं. आणि त्यांच्याबरोबर एक सहयोगी प्राध्यापक होते, तिसऱ्या मजल्यावर विसरलेले. त्यांचं नाव मी घेणार नाही. ते चौथ्या रांगेत बसले आहेत आणि आज वेळेवर आले आहेत.

तांडेलसाहेबांनी तावडेंना बाजूला बोलावलं. मी जवळच होतो, म्हणून ऐकलं.

"काका, ही सगळी पब्लिक इथेच का जमवली?"

"साहेब, सावली आहे. आणि चहा आहे."

"आणि खरंच काही झालं असतं तर?"

"मग इथे कशाला आणेन? दुपारचा वारा वरळीकडून येतो, इमारतीवरून सगळा ह्या चौकात उतरतो. त्यात हा खड्डा आहे. जड धूर इथेच बसणार. मी मागच्या गेटला नेलं असतं."

तांडेलसाहेब मूळचे कफ परेडच्या मच्छीमार नगरातले. वाऱ्याचं नाव निघालं आणि त्यांचा चेहरा खुलला. दोघे अर्धा तास वाऱ्यावर बोलत राहिले. मी मधे समोशांची बशी धरून उभा. मग ते म्हणाले, "पण काका, धूर कसला येणार? तुमच्या साहेबांनी तर फॉर्मवर निरंक लिहिलंय."

तावडेंनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग वरच्या खिशातून एक डायरी काढली आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली.

त्या डायरीची जन्मकथा मला पुढे वैदेहीताईंनी सांगितली. तावडे नोकरीला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी राधाबाई म्हणून सफाई करणाऱ्या बाई होत्या. मोरी घासताना त्यांनी ब्लीचिंग पावडरवर कुठलंसं ॲसिड ओतलं आणि गुदमरून पडल्या. तावडेंनी त्यांना उचललं आणि धावले. पण धावले ते वायू जिकडे पसरत होता तिकडेच. दोघेही वाचले, राधाबाई पुढे सुखाने निवृत्त झाल्या. तावडे मात्र ते विसरले नाहीत. तेव्हापासून प्रयोगशाळेत नवी बाटली आली की हा माणूस दारात उभा. वैदेहीताईंना एकच प्रश्न विचारणार: "बाई, ह्या फुटला तर पळूचा खंय?" बाई लेबल वाचून सांगणार, हे लिहून घेणार. डायरीत चार रकाने होते. वस्तू, जागा, धूर कसा, आणि चौथा रकाना, 'फुटल्यास पळण्याची दिशा'. सगळ्या इमारती, सगळे मजले, सगळी कपाटं. बत्तीस वर्षांत त्यांनी एकदाही निरंक लिहिलेलं नाही.

वैदेहीताईंची पहिली चिठ्ठी आली आहे. 'सात मिनिटे झाली.' आभारी आहे.

आता मी काय केलं ते सांगतो. आपल्या माणसाने बाहेरच्या माणसापुढे आपला फॉर्म खोटा पाडला, एवढंच मला दिसलं. मी खोलीत गेलो आणि तावडेंना कारणे दाखवा नोटीस काढली. 'बाह्य व्यक्तीस कार्यालयाच्या परवानगीविना माहिती पुरवून विद्यापीठाची प्रतिमा मलिन केल्याबद्दल आपणांवर कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा.' दुसऱ्या दिवशी ते नोटीस घेऊन आले. रागावले नव्हते, गोंधळले होते. त्यांना एरवी आपल्याशी शुद्ध बोलायची सवय, पण त्या दिवशी घरची भाषा तोंडात आली. म्हणाले, "सायबानू, त्येणा इचारल्यान, मी सांगितलंय. खोटा कशाक सांगू?" मी म्हटलं, "जे काय ते लेखी द्या."

त्यांनी लेखी दिलं. सातव्या दिवशी अकरा पानांचा खुलासा माझ्या टेबलावर आला. स्वच्छ अक्षर, समास सोडलेला. आणि मी तो वाचला नाही. सरळ सांगतो, वाचला नाही. अकरा पानं बघून कंटाळा आला. वर टिपणी लिहिली, 'खुलासा असमाधानकारक. सेवापुस्तकात ताकीद नोंदवावी.' कुलगुरू मॅडमनी माझ्या टिपणीवर विश्वास ठेवून सही केली. त्यात त्यांचा दोष नाही. उपकुलसचिवाने वाचलं असेल, असं कुणीही धरून चालतं.

बरोबर पाच आठवड्यांनी काय झालं, ते इथल्या पुष्कळांनी अनुभवलंय. दुपारी प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. विज्ञान इमारतीत दोनशेच्या वर मुलं. तळमजल्यावर जिन्याखाली जे जुनं कपाट होतं त्याची फळी मोडली आणि ब्रोमीनच्या बाटल्या फुटल्या. मी नेमका पहिल्या मजल्यावर होतो, परीक्षेचे कागद घेऊन. जिन्याच्या तोंडाशी खालून तांबडा धूर दिसायला लागला, घशात तिखट लागलं. मी काय करावं? माझ्या डोळ्यांसमोर माझंच परिपत्रक. मी ओरडलो, "सगळ्यांनी शांतपणे खाली चला! कँटीनमागच्या चौकात जमा!"

म्हणजे मी दोनशे मुलांना त्या धुरातून खाली नेऊन, तोच धूर जिथे साचणार होता त्या खड्ड्यात उभं करणार होतो. शिस्तीत आणि रांगेने.

तेवढ्यात तावडे आले. कुठून आले देव जाणे. तोंडाला ओला रुमाल. जिन्यावर आडवे हात करून उभे राहिले. "कोणी खाली उतरायचं नाही! सगळे वर! वरच्या पुलावरून मागच्या गेटला! पळा!" मुलं वळली, शेजारच्या इमारतीला जोडणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या पुलाकडे. मी मात्र वळलो नाही. आता मला स्वतःची लाज वाटते, पण मी त्यांना म्हटलं, "अहो तावडे, परिपत्रकात चौक लिहिलाय!" त्यांनी माझा दंड धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हात लावला असेल. म्हणाले, "साहेब, परिपत्रक मागसून वाचा," आणि मला अक्षरशः ढकलत वर नेलं. मी साठीला आलेला, ब्याऐंशी किलोचा माणूस. ते माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे आहेत, हे लक्षात घ्या.

मागच्या गेटला सगळी मुलं मोकळ्या वाऱ्यात उभी राहिली. दोघांना खोकला लागला होता, त्यांना तपासून संध्याकाळपर्यंत घरी सोडलं. बाकी कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. अग्निशमन दलाचे अधिकारी आले. त्यांनी मला विचारलं, "आत काय काय आहे? कपाटात आणखी काय आहे? यादी द्या." मी तोंड उघडलं. माझ्या तोंडात कुठला शब्द आला असेल, ओळखा पाहू. मी तो उच्चारणार, एवढ्यात बाजूने डायरी पुढे आली. अधिकाऱ्यांनी ती वाचली, चौथा रकाना दोनदा वाचला, आणि तावडेंना म्हणाले, "काका, तुम्ही जवळ थांबा, मला तुम्ही लागणार." मला कुणीच थांबायला सांगितलं नाही. मग वैदेहीताईंनी चष्मा, हातमोजे चढवून त्या जवानांबरोबर सांडलेलं निस्तरलं. त्याबद्दलही या व्यासपीठावरून त्यांचे आभार मानायचे राहून गेले होते, ते मानतो. म्हणजे पुढची चिठ्ठी जरा उशिरा येईल.

दुसऱ्या दिवशी मी तो अकरा पानांचा खुलासा फायलीतून काढला आणि पहिल्यांदा वाचला. डायरीतली सगळी यादी त्यांनी नीट उतरवून दिली होती. नववं पान माझ्याबद्दल होतं. 'बेहेरेसाहेबांची खोली. जुने कागद, छतापर्यंत. धूर: पुष्कळ. आग लागल्यास पळण्याची दिशा: कागद हलवल्यास खिडकी.' एवढा सभ्य टोमणा मला नोकरीत कुणी मारला नव्हता.

अकराव्या पानावर शेवटची ओळ होती. ती मला पाठ आहे. 'जिन्याखालच्या कपाटाची वरची फळी खालून फुगली आहे, बाटल्यांचे वजन सोसणार नाही, कृपया सुतार पाठवावा.'

सुतार पाठवायला पाच आठवडे होते. मी वाचलं असतं तर फळी मोडली नसती. दोनशे मुलं होती हो त्या इमारतीत. कुणाकुणाची मुलं. हे मला लपवायचं नाही.

पुढची गंमत ऐका, कारण गंमत झालीच. तांडेलसाहेबांचा अंतिम अहवाल आला. 'आपत्कालीन आराखडा उपलब्ध आहे काय?' या प्रश्नापुढे त्यांनी लिहिलं होतं: 'होय. अत्यंत उत्कृष्ट. शिस्तभंग फाईल क्रमांक सात पाहावी.' म्हणजे तावडेंचा तोच अकरा पानांचा खुलासा. आपल्या विद्यापीठाला त्या आराखड्याबद्दल वरून अभिनंदनाचं पत्र आलं. चौकट करून ते कार्यालयात लावलं आहे, येता-जाता सगळे बघतात. आणि तो आराखडा ज्या माणसाने लिहिला, त्याच्या सेवापुस्तकात तोच लिहिल्याबद्दल ताकीद!

आता कुणीही विचारेल, ताकीद लगेच काढून का नाही टाकली? मॅडमनी मला दोनदा विचारलं. मी म्हटलं, कार्यवाही सुरू आहे. तांडेलसाहेबांनी फोनवर विचारलं. कार्यवाही सुरू आहे. वास्तविक कार्यवाही एकाच कागदाची होती. ताकीद रद्द करायची तर ती चुकीची का होती, हे कुणीतरी लिहून द्यावं लागतं. आणि तो कुणीतरी मी होतो. फॉर्म न बघता भरला, खुलासा न वाचता फेटाळला, हे स्वतःच्या हाताने लिहायचं. अकरा महिने माझा हात त्या कागदाला लागला नाही. दुसऱ्यांच्या चुका लिहून काढायला मला कधी इतका वेळ लागलेला नाही.

गेल्या शनिवारी तावडे माझ्या खोलीत आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. प्रमाणपत्राचा नमुना त्यांच्या घरी पोचला होता, आमच्या कार्यालयात तेवढी एक गोष्ट वेळेवर होते. म्हणाले, "सायबानू, शाल नको, नारळ नको. ती ओळ काळी केलास, ती शेवंतीन बघितल्यान. इचारता, तुम्ही काय केलास तिथे? चौतीस वर्सां काय केलास? तिका मी काय सांगू?"

शेवंतीवहिनी, तुम्हाला कुणी उत्तर दिलं नाही. ते द्यायची जबाबदारी माझी होती, म्हणून आज एवढ्या लोकांसमोर देतोय. तुमच्या यजमानांनी काहीही वावगं केलं नाही. त्यांनी खरं सांगितलं, आणि ते मला गैरसोयीचं होतं. एवढंच आहे त्या काळ्या रेघेखाली.

वैदेहीताईंची चिठ्ठी आली. मी वाचून दाखवतो. 'वेळ संपली आहे. तरी बोला.' ठीक आहे.

माझ्या खिशात एक कागद आहे. काल मी तो माझ्या हाताने लिहिला, टंकलेखनाला दिला नाही. वाचतो. 'मा. कुलगुरू यांस. प्रश्न क्रमांक एकेचाळीसचे उत्तर मी पाहणी न करता लिहिले. श्री. तावडे यांचा खुलासा मी न वाचता असमाधानकारक ठरवला. त्यात दिलेला धोक्याचा इशारा त्यामुळे दुर्लक्षित राहिला व अपघात घडला. सबब श्री. तावडे यांची ताकीद रद्द करावी आणि ती माझ्या सेवापुस्तकात वर्ग करावी. आपला, रमाकांत बेहेरे.' मीही येत्या मार्चमध्ये निवृत्त होतोय. माझ्या प्रमाणपत्रावर ती ओळ नसेल. हे मी काल जेवताना आमच्या नलूला, माझ्या पत्नीला, सांगितलं. मला वाटलं, तिला वाईट वाटेल. ती म्हणाली, "मग अकरा महिने कशाची वाट बघत होतात?" आणि आमटी वाढली.

मॅडम, क्षमा करा, शिष्टाचारात हे बसत नाही, पण हा कागद मी आत्ता, इथेच आपल्यापुढे ठेवतो. कार्यालयात नेला तर माझ्याच टेबलावर येईल, आणि माझं टेबल मला ठाऊक आहे.

आपण थोडं थांबूया. मॅडम वाचताहेत... पूर्ण वाचताहेत, माझ्यासारख्या नाहीत त्या. पेन... तांडेलसाहेबांनी दिलं. झाली. सही झाली. थांबा, टाळ्या मला नकोत, त्या तावडेंकडे वळवा. तावडे, उभे राहा हो. अहो, सलाम कसला करताय? आज आम्ही करायचा.

या पिशवीत दुसरं प्रमाणपत्र आहे, न खोडलेलं. सही होईल अशा आशेवर करून आणलं होतं. ते तावडेंच्या हातात द्यायचं नाही असं मी ठरवलंय. शेवंतीवहिनी, तुम्ही वर या. नाही नाही, पायऱ्यांवरून सावकाश, घाई नाही. हे तुमच्या हातात देतो. यातली मधली ओळ वाचा. मोठ्याने वाचा, माइक आहे.

ऐकलंत ना सगळ्यांनी?

अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, सात मिनिटांची पंचवीस मिनिटं होऊ देणाऱ्या वैदेहीताई, माइकवाले, वडेवाले आणि वडे गार होत असतानाही बसून राहिलेले तुम्ही सगळे, यांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर ते मोठ्या मनाने पोटात घाला. मघाशी वाचून दाखवली ती एक चूक तेवढी पोटात घालू नका. ती फायलीला लावा.

नमस्कार.